दाराकडे तोंड केलेल्या चपला

मुलुंडच्या विठ्ठलमंदिरात मधुकरबुवांचं कीर्तन रंगलं, की वसुधा दाराशी बसून कानांनी बुवांना ऐकायची आणि हातांनी चपला लावायची. चपलांची तोंडं बाहेर करायची, म्हणजे उत्तररंग मनात घोळवत निघालेल्या माणसाला शोधाशोध करावी लागत नाही. आईनं, जानकीबाईंनी, लावलेली ही सेवा. हातांना तिची इतकी सवय, की अंधेरीच्या त्या बड्या कॉम्प्युटर कंपनीत मुलाखतीसाठी थांबली असतानाही ते गप्प बसले नाहीत.

मशीनच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून सगळे चपला बाहेर काढत. वसुधानं आपल्या काढल्या, मग बाकीच्याही लावल्या. निळ्या पट्ट्यांचा एक जोड तेवढा खोलीच्या दाराकडे तोंड करून होता, धुळीनं माखलेला. तिनं तोही फिरवला.

आत टाळांच्या ठेक्यात चाललेला प्रिंटर थांबला.

"वाट लागली!" शिपाई धोंडिराम स्टुलावरून उठला. "ताई, त्या कशाला हलवल्या? सुगंधाबाईंच्या त्या."

"मग? त्यांनाच घालायला सोप्या."

"त्या वारल्या ना गेल्या वर्षी. आतच, खुर्चीवर. चपला तशाच राहिल्या. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही, पण बाईंचं काम अजून रोज छापून येतं. साहेब म्हणतात, चालतंय ना, हात लावू नका."

वसुधानं खाली पाहिलं. निळा जोड तिथं नव्हता. धुळीत फक्त दोन पावलांएवढ्या स्वच्छ जागा. जिन्यावरून चपलांचा आवाज सावकाश उतरत होता, आणि जिन्यावर कोणीच नव्हतं. तिचे हात आपसूक जुळले. "सुखानं जा, बाई," ती पुटपुटली.

नंदकुमार साहेबांनी तिला त्या थंडगार खोलीतच बोलावलं. तिच्या सर्टिफिकेटांकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते बंद प्रिंटरकडे बघत होते.

"घरी कोण कोण?"

"आईबाबा, शाळेत जाणारे भाऊ. बाबांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, सर."

"म्हणजे सोडून जाणार नाही तुम्ही." त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. नोकरी तुमची."

ती बसली. एवढ्या गारठ्यात खुर्ची ऊबदार होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. प्रिंटर आपणहून सुरू झाला.

बाहेर आली तर स्टुलावर धोंडिराम नव्हता. तिनं स्वतः लावलेल्या तिच्या चपला आता दाराकडे वळल्या होत्या. ती वाकली. फिरवल्या की काय होतं, ते तिनं आत्ताच पाहिलं होतं. आत ठेका चालू होता. डोळ्यांपुढे बाबा आले, रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठंच न जाणारे. तिनं हात मागे घेतला आणि अनवाणीच जिना उतरली.

"अगं, चपला कुठं टाकून आलीस?" दारात जानकीबाईंनी विचारलं.

"ऑफिसात, आई. नोकरी लागली."

जानकीबाईंनी लगबगीनं देवापुढे साखर ठेवली, हात जोडले. "पांडुरंगा, आता माझ्या पोरीला तिथून कोणी हलवू नये, एवढं बघ रे बाबा."