मानपाड्याच्या विहिरीतलं कासव

मी एक जुनं कासव आहे. पाठ चिखलाच्या रंगाची, डावा डोळा पूर्ण गेलेला, आणि उजव्याने उजेड आणि माणसाची सावली यापलीकडे फारसं काही दिसत नाही. मित्रांनो, आपली हकीकत सांगायला बसलेलं कोणीही बहुधा स्वतःचं कौतुक सांगतं. माझंही कौतुक झालं, गळ्यात झेंडूचा हार घालून झालं. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि ती गोड नाही हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म उल्हास नदीतला. १९८६ साली शहाडच्या पुलाजवळ आवडाबाई कोळिणीच्या नवऱ्याच्या जाळ्यात मी सापडले. मासळीत कासवाला गिऱ्हाईक नाही. आवडाबाईने मला पाटीच्या तळाशी टाकलं आणि डोंबिवलीला, मानपाड्यात आणलं. तिथे ती दारोदार मासे विकायची. त्या दिवशी मानपाड्यातल्या छोट्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. मंडळीतली माणसं आपापल्या दारच्या पिकातलं पहिलं फळ आणून देवापुढे ठेवतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. भोपळे होते, केळीचे घड होते, पाय बांधलेल्या कोंबड्या होत्या. गिऱ्हाइकांचा सण म्हणून आवडाबाईनेही हौसेने मला त्यांत नेऊन ठेवलं. भोपळ्यावर बोली लागली, कोंबड्यांवरून तर दोन मेहुण्यांचं वाजलं. माझ्यावर कोणी तोंड उघडलं नाही. "याचं करायचं काय?" असं एक गृहस्थ म्हणाले आणि सगळे हसले.

तेव्हा शलमोन मास्तर पुढे झाले. शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले, उंच, ताठ, आवाज खणखणीत. "याला आपल्या विहिरीत सोडू," ते म्हणाले. "विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं."

या विहिरीबद्दल सांगायलाच हवं. ती चर्चच्या मागे होती आणि त्याआधी कित्येक वर्षं कचऱ्याने भरलेली होती. शेजारी चाळ होती, बहुतेक बौद्ध कुटुंबांची. चाळीला नळ होता, पण तो दिवसाआड तासभर यायचा. मास्तरांनी मंडळीत 'हिरवळ मंडळ' काढलं होतं. सृष्टी राखणं हीसुद्धा उपासनाच आहे, असं ते सांगत आणि नुसतं सांगून थांबत नसत. चर्चची तरुण मुलं आणि चाळीतली तरुण मुलं यांना घेऊन त्यांनी सहा महिने रविवारी रविवारी विहीर उपसली होती. टायर निघाले, मेलेली मांजरं निघाली, एक आख्खी सायकल निघाली. मास्तर स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरत आणि डोक्यावर गाळाचं घमेलं घेत. मास्तर वाईट माणूस नव्हते. हे लक्षात ठेवा, नाहीतर गोष्ट फार सोपी वाटेल.

पहिला हंडा भरला चाळीतल्या भीमाबाईने. ती बीडकडची. लहानपणी गावात विहिरीपासून लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर वरून घागरीत पाणी पडायचं, एवढीच तिची विहिरीशी ओळख. इथे तिने स्वतःच्या हाताने दोर सोडला. बादली वर आली तेव्हा तिला रडू आवरेना.

"भीमाबाई, इथे कोणी कोणाला थांबवणार नाही," मास्तर म्हणाले.

"मास्तर, ही हीर मी मरंस्तवर सोडनार न्हाई," ती म्हणाली.

तिने शब्द पाळला. तेच वाईट झालं.

पहिली चार वर्षं मी सुखात होते. विहिरीच्या पाण्यावर मंडळाने कडुनिंब आणि करंज वाढवले. दर रविवारी उपासना सुटली की मुलं कठड्यावर ओणवी होऊन पोळीचे तुकडे टाकायची आणि मी वर आले की मास्तर सगळ्यांना दाखवायचे. कासव ठणठणीत आहे, म्हणजे पाणी ठणठणीत आहे. लोक माना डोलवायचे. मित्रांनो, मला फुप्फुसं आहेत. मी पाण्याबाहेर नाक काढून वारा घेते आणि पुन्हा खाली जाते. मी वर यायचे ती श्वासासाठी. पाण्याबद्दल मी कुणाला काही सांगत नव्हते. हे कुठल्याही शाळेत शिकवतात. मास्तर भूगोल शिकवायचे.

१९९० मध्ये भिंतीपलीकडच्या एका कारखान्याने आपलं रंगीत पाणी मागच्या खड्ड्यात सोडायला सुरुवात केली. ते जमिनीतून झिरपत विहिरीत आलं. आधी तळाला किंचित गोडसर लागायचं, मग कातडी चुरचुरायला लागली. डास होऊ नयेत म्हणून मलेरियावाल्यांनी विहिरीत गप्पी मासे सोडले होते. ते एका आठवड्यात उलटे होऊन तरंगले. त्यातले दोन-चार मी खाल्ले, खोटं कशाला बोलू. मला दोन दिवस भोवळ येत होती. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि ते हसून म्हणाले, "आमच्या कासवाने फडशा पाडलेला दिसतो."

आवडाबाई मात्र हसली नाही. ती मासे विकून परत जाताना विहिरीवर हातपाय धुवायची. तिने ओंजळ नाकाशी नेली आणि पाणी खाली टाकलं.

"मास्तर, या पान्याला वास हाय."

"अहो, कासव बघा ना कसं फिरतंय."

"कासवाचा काय सांगता? तो वर येऊन दम घेतो. मासा पान्यानच दम घेतो. मासा मेला म्हंजे पानी मेला."

दुसऱ्या दिवशी तिने डब्यात सहा जिवंत मासे आणले आणि सगळ्यांसमोर विहिरीत सोडले. सकाळी सहाही पांढरी पोटं वर करून होते. मास्तर म्हणाले, कासवाने चावले. मंडळीतली एक बाई म्हणाली, कोळीण आहे, हिला वाटतं विहिरीवरही मासळीबाजार भरावा. हशा झाला. भीमाबाईही हसली. तिला कुणी तिच्या विहिरीला नावं ठेवलेली खपत नव्हती. तिचा मुलगा चांगदेव एकदा पाणी कडवट लागतं म्हणाला, तर तिने त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला होता. आवडाबाईने रिकामा डबा उचलला आणि ती गेली. त्यानंतर ती मानपाड्यात मासे विकायला आली नाही, आणि तिला बोलवायलाही कोणी गेलं नाही.

चांगदेवची मुलगी पाच वर्षांची. एवढीशी पोर, पण आजीने नाव ठेवलं होतं रमाबाई आणि सगळ्यांनी ते पूर्ण घ्यावं असा तिचा हट्ट होता. ही रमाबाई कठड्यावर पोट टेकून माझ्याशी गप्पा मारायची. तिच्या हातांवर फोड यायला लागले. मग तोंड सुजायला लागलं, सकाळी डोळे उघडायचे नाहीत. भीमाबाई तिला रोज न्हाऊ घालायची, विहिरीच्याच पाण्याने, कारण ते स्वच्छ होतं. माझा डावा डोळा त्याच वर्षी पांढरा झाला. वरून कोणाला तो दिसला नाही.

१९९२ साली ठाण्याच्या एका संस्थेने हिरवळ मंडळाला पर्यावरणाचा पुरस्कार जाहीर केला. पाच जूनला समारंभ, विहिरीशेजारीच मांडव. पत्रात शेवटी लिहिलं होतं, पाण्याच्या तपासणीचा दाखला जोडल्यास उत्तम. सक्ती नव्हती. पण मास्तर पक्के शिक्षक, त्यांनी बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली. सव्वीस मेला कागद आला. तो त्यांनी विहिरीच्या कठड्याला टेकून वाचला, पुन्हा वाचला. मग ते आत वाकले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, चाळीकडे धावेल.

त्यांनी कागदाची घडी केली आणि गीतांच्या पुस्तकात ठेवली. "पाच तारीख होऊन जाऊ दे," ते हळूच म्हणाले. "दोन वर्षं पितायत. दहा दिवसांनी काय होणार आहे?"

त्या दिवसापासून मास्तरांच्या घरची बादली विहिरीवर आली नाही. चाळीच्या बादल्या येत राहिल्या. भीमाबाईचा दोर मी आवाजावरून ओळखायचे. तो पहाटे सगळ्यांत आधी यायचा.

पाच जूनला सकाळी मास्तरांनी स्वतः मला बादलीतून वर काढलं. मी मलूल झाले होते, मान धड उचलत नव्हती. त्यांनी मला ब्रशने घासलं, हार घातला आणि व्यासपीठाजवळ एका पांढऱ्या टबात ठेवलं. टबातलं पाणी अंगाला लागलं आणि मी दचकले. काहीच चुरचुरत नव्हतं. अर्ध्या तासात मी मान बाहेर काढून हातपाय हलवू लागले. लोक म्हणाले, वा, काय तेज आहे! मला बरं वाटत होतं, मित्रांनो. त्याची लाज मला अजून वाटते.

भाषणं झाली. पाहुण्यांना कोल्ड्रिंकची बाटली दिली. मग भीमाबाईला वर बोलावलं. पांढरंशुभ्र लुगडं नेसून ती आली, कडेवर रमाबाई. पहिला हंडा भरणारी बाई म्हणून तिच्या हस्ते विहिरीच्या पाण्याचा पेला भरायचा होता. तिने भरला आणि पहिला घोट नातीला पाजला. पोरीने घटाघटा सगळा पेला संपवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर माझ्या अगदी शेजारी उभे होते. त्यांनी उशिरा टाळ्या वाजवल्या.

ऊन फार होतं आणि रमाबाईच्या अंगात ताप होता. व्यासपीठावरून उतरताना भीमाबाईने पदराचं टोक माझ्या टबात बुडवलं आणि पोरीच्या तोंडावरून फिरवलं. फिरवता फिरवता तिचा हात थांबला. तिने पदर नाकाशी नेला. परत बुडवला, परत हुंगला.

"मास्तर, ह्या टबात पानी कुठलं?"

"ताई, आपण नंतर बोलू."

"वास न्हाई ह्याला. हे नळाचं हाय."

"कासव जरा मलूल झालं होतं. पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून..."

भीमाबाईने ओला पदर खाली सोडला. "म्हंजी तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला आणि मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "कासवाला नळाचं, अन् माझ्या पोरीला हिरीचं?"

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. कोणीतरी घाईघाईने लाउडस्पीकरवर गाणं लावलं. मास्तरांनी गीतांच्या पुस्तकातून कागद काढून तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. तो चांगदेवने वाचला. पुरस्काराचं मानपत्र तरीही दिलं गेलं, कारण ते आधीच छापून झालं होतं. फोटोत मी आहे.

त्या पावसाळ्यात, श्रावणात, रमाबाई गेली. डॉक्टरांनी किडन्यांचं सांगितलं. पाण्यानेच गेली असं मात्र कोणी लिहून दिलं नाही. कारखान्याने खड्डा बुजवला, त्यावर पाच झाडं लावली आणि पाटी लावली. विहिरीवर स्लॅब पडला. झाडांना पाणी घालायला तेवढा एक हातपंप ठेवला आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं, पिण्यासाठी नाही.

या कासवामुळेच फसलो म्हणत चाळीतले चार जण दगड घेऊन माझ्या टबापाशी आले होते. भीमाबाई मध्ये पडली. "त्याला तोंड न्हाई," ती म्हणाली. "तोंड असून गप ऱ्हायले त्यांना तुमी काय केलं?" दगड खाली पडले. तेव्हापासून मी तिच्या दारात, याच टबात आहे. ती रोज पाणी बदलते. माझ्याशी बोलत नाही.

सहा वर्षं झाली. दर रविवारी उपासना सुटली की मास्तर तिच्या दारात येतात. आता वाकले आहेत, काठी घेतात. पहिल्या पहिल्यांदा माफी मागायचे. आता नुसतेच उभे राहतात. भीमाबाई आत जाते, पेला भरून आणते आणि त्यांच्या हातात देते. आलेल्या माणसाला पाणी द्यावंच लागतं. ते नळाचं असतं, ज्या हंड्यातून माझा टब भरते त्याच हंड्यातलं. पण ती ते सांगत नाही. हातपंप दारासमोर दहा पावलांवर आहे. मास्तर एकदा पंपाकडे बघतात, एकदा पेल्याकडे, आणि विचारत नाहीत. सदऱ्यावर पाणी सांडतं, तरी शेवटच्या थेंबापर्यंत पितात. भीमाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत उभी असते.

मित्रांनो, विहिरी उपसा, झाडं लावा, वाटल्यास आमच्यासारख्यांना हार घाला. पण कुणाच्या ओंजळीत पाणी ओताल, तेव्हा त्या पाण्याबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते आधी सांगा. सांगायला एक दिवसही थांबू नका. मास्तर फक्त दहा दिवस थांबले होते.