मंगळवारपर्यंतचा श्वास

मी एक जुनी उजेडपेटी आहे, दवाखान्याच्या भिंतीवरची, पांढऱ्या काचेची. माझ्यावर एक्स-रेची फिल्म लावली की हाडे आणि फुप्फुसे स्पष्ट दिसतात. मित्रांनो, एके काळी माझ्यापुढे तीन-तीन डॉक्टर माना वाकड्या करून उभे राहत. तेव्हा माझा तोरा विचारू नका.

मग शहराच्या वरच्या भागातल्या मोठ्या इस्पितळात हुशार यंत्र आले. फिल्म दाखवताच ते आजार सांगते. वरच्या भागाला ते रात्रंदिवस मिळते, आमच्या वाट्याला फक्त मंगळवारची सकाळ. ते सहसा चुकत नाही, म्हणून आमच्या माणसांनी स्वतः बघणेच सोडले. फिल्म काढायची आणि फडताळात ठेवायची. माझ्या काचेवर तर त्यांनी ‘अहवाल मंगळवारी’ असा कागद डकवला. मला फार वाईट वाटले.

गेल्या बुधवारी एक रंगारी शिडीवरून पडून आला. त्याला धड बोलताही येत नव्हते. फिल्म निघाली आणि तरुण डॉक्टरांनी ती सवयीने फडताळात सरकवली.

“अहवाल मंगळवारी मिळेल.”

“अहो, आज बुधवार आहे,” त्याची बायको म्हणाली. “त्यांचे ओठ बघा, निळे पडलेत.”

डॉक्टर गांगरले. त्यांनी मोठ्या इस्पितळात फोन लावला. पाळीशिवाय यंत्र मिळणार नाही, असे उत्तर आले.

तीस वर्षे इथे फिल्म काढणाऱ्या मावशी उठल्या. त्यांनी नखाने तो कागद खरवडला, फडताळातली रंगाऱ्याची फिल्म माझ्यावर लावली आणि माझे बटण दाबले. माझी नळी दोनदा लुकलुकून विझली. तिसऱ्यांदा मी पेटले.

“डॉक्टर, इकडे या. ही डावी बाजू नुसती काळी दिसतेय.”

“फुप्फुस मिटलंय. त्याच्याबाहेर छातीत हवा कोंडलीय.” डॉक्टर धावतच रंगाऱ्याकडे वळले. “मावशी, जाड सुई द्या. लवकर.”

सुई टोचताच फस्स आवाज झाला आणि रंगाऱ्याने लांब श्वास घेतला. त्याची बायको त्याचे ओठ निरखत राहिली.

डॉक्टरांनी घाम पुसला. फडताळात अजून अकरा फिल्म होत्या, आदल्या दिवशी यंत्राची पाळी संपली म्हणून राहिलेल्या.

“मावशी, एकेक लावा,” ते म्हणाले.

मित्रांनो, ते यंत्र आमच्या वस्तीलाही रोज मिळायला हवे. त्यासाठी मोठ्यांच्या मागे लागा, गप्प बसू नका. पण ते मिळेपर्यंत स्वतः बघायचे सोडू नका. त्या दिवशी चौथ्या फिल्मवर डॉक्टरांचे बोट एका डागापाशी थांबले. मग त्यांनी तिच्या पाकिटावरचा रुग्णाचा नंबर शोधून फोन लावला, आणि पलीकडून कोणी उचलेपर्यंत आम्ही तिघेही घंटी ऐकत राहिलो.