एकटीची मजुरी

नाक्यावरच्या माणसावर माझा राग नाही, पावती फाडणं त्याचं कामच. राग आहे तो आमच्यावर. सकाळची गर्दी कमी व्हावी म्हणून दहाच्या आत बीड शहरात शिरणाऱ्या गाड्यांना कर लागला. मजुरांच्या अड्ड्यावर बाया निवडतात त्या सकाळीच. दहानंतर जाऊन काय हवा खायची?

टेम्पो आमच्या मजूर सोसायटीचा, मी ड्रायव्हर. दुष्काळात ऊस वाळला, तोडीचं कामही गेलं, म्हणून मांजरसुंब्याच्या बाया मी रोज शहरात न्यायचो. कर भरायचा कुणी? चेअरमन सुंदररावांनी डोकं चालवलं. ज्यांना काम लागेल त्यांनी वाटून भरायचा, कुणालाच नाही लागलं तर सोसायटी भरेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

त्या शनिवारी सुभद्राबाई वाटभर कडब्याचंच बोलत होती. म्हशीपुढे टाकायला काडी उरली नव्हती. आज मजुरीतून कडबा नेला नाही, तर उद्याच्या बाजारात म्हैस विकावी लागणार होती.

अड्ड्यावर ऊन चढलं तरी कुणी फिरकेना. शेवटी एक मुकादम आला, त्याला एकच बाई हवी होती. एरवी सुभद्राबाई सगळ्यांच्या पुढे. आजही ती उठली, पण मध्येच थबकली.

"उत्तरेश्वर, आजून कुनाला लागलं का रे काम?"

मी नकारार्थी मान हलवली. ती एकटी गेली तर सगळा कर तिच्या एकटीच्या अंगावर. दिवसभर विटा वाहून हातात चहापुरतं उरलं असतं. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

मुकादम खवळला. कामाला आलात की बसायला, असं विचारू लागला. सुभद्राबाई खाली बसली. मुकादम दुसऱ्या गावच्या एका म्हातारीला घेऊन गेला.

थोड्या वेळानं तोच परत आला. आता त्याला पाच जणी हव्या होत्या. सुभद्राबाई धावली. त्यानं तिला ओळखलं आणि नेमकी तिला वगळून आमच्याच टेम्पोतल्या पाच जणी नेल्या.

सकाळी नाक्यावर मी भरलेला कर संध्याकाळी त्या पाच जणींनी वाटून दिला. घरापाशी उतरल्यावर सुभद्राबाईनं टेम्पोतल्या दोराकडे बोट केलं.

"एवढा दोर दे बाबा उद्याच्याला. तिचं दावं लई झिजलंय, बाजारात तुटंल."

मी दोर सोडून तिच्या हातात दिला.