भुकेली माती

टेलरबाईंच्या शिवणाच्या खोलीला लागून गॅलरी होती. तिथे थोरल्या भावाने हौसेने मोठाले डबे भरून दिले होते. माती त्याने स्वतः भाजीफळांच्या सालींपासून बनवलेली, अस्सल सेंद्रिय. बाईंनी तिच्यात टोमॅटो आणि मिरची लावली. थोड्याच दिवसांत रोपांची पानं कावीळ झाल्यासारखी पिवळी पडली.

दादाचं म्हणणं एकच, माती भुकेली आहे, तिला खाऊ घाल. बाईंनी आंबवलेल्या सालींचं पाणी घातलं, मासे धुतलेलं पाणी घातलं. पानं आणखी पिवळी झाली, वर माश्या घोंघावू लागल्या आणि नाकातले केस जळतील असा दर्प सुटला. दार लावून घेतलं तरी तो कापडात शिरलाच. एका गिऱ्हाइकाने तयार कोट नाकाशी नेला, चेहरा आक्रसला आणि कोट तसाच टेबलावर ठेवून ते निघून गेलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी त्यांनी नाकाला फडकं बांधून एक डबा आडवा केला. आतून काळा, बुळबुळीत लगदा पचकन बाहेर आला. साली जशाच्या तशा होत्या, त्यांच्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मुळं चिमटीत धरली तर त्यांची साल सुटून बोटांना चिकटली. बाई मोरीकडे धावल्या आणि भडभडून ओकल्या.

तोंड धुऊन त्या परत आल्या, तेव्हा डब्याच्या तळाची, पाणी निचरायची भोकं आतून चिकटपट्टीने बुजवलेली दिसली. त्यांनी दादाला बोलावून घेतलं.

भोकं आपणच बुजवली, नाहीतर सत्त्व वाहून गेलं असतं, असं त्याने छाती पुढे काढून सांगितलं.

“हात घाल त्यात,” बाई म्हणाल्या.

“मी कशाला?”

“तू बनवलंयस. घाल.”

त्याने दोन बोटं बुडवली, झटकली, आणि हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. “जरा कच्चं राहिलं असेल,” तो पुटपुटला.

“कच्चं नाही, सडकं आहे. पाणी तुंबून मुळं कुजली. आणि हा कचरा स्वतः कुजताना रोपांच्या तोंडचा घास ओढतोय.”

दादा हात धुऊन निघून गेला. बाईंना त्याची किळस आली आणि मुकाट्याने बादल्या ओतत राहिल्याबद्दल स्वतःचीही.

त्यांनी सगळा लगदा फेकला. भोकं मोकळी केली, मुळं धुऊन सडलेली छाटली, जाड वाळू आणि पुरतं मुरलेलं खत घातलेल्या साध्या मातीत रोपं बसवली. वरची माती सुकल्याशिवाय थेंबभर पाणी दिलं नाही. टोमॅटो गेलेच. मिरचीची पिवळी पानं गळून पडली आणि शेंड्याला हिरवीगार पालवी फुटली.

पुढे मिरच्या लगडल्या. शेजारीण मागून मागून न्यायची, झणझणीत आहेत म्हणायची. बाईंनी एकदा एक चिरायला घेतली. बोटांवर तो बुळबुळीतपणा आठवला आणि त्यांनी तीही शेजारणीच्या वाटीत टाकली.