झाकण न उघडलेला डबा

आमच्या संग्रहालयात वर्ग नसेल तर वस्तूच नसते. डेटाबेसमध्ये तो रकाना रिकामा ठेवला की नोंद जतनच होत नाही. ही अक्कल नव्या साहेबांची. पाठीमागे आम्ही त्यांना 'चाळणी' म्हणतो, कारण आल्या आल्या त्यांनी अख्खं कोठार चाळायला घेतलं. एका वर्गातल्या एकसारख्या वस्तूंपैकी एक चांगला नमुना ठेवायचा, बाकी भंगारात.

कारखान्याच्या आगीत सापडलेले जेवणाचे डबे माझ्या वाट्याला आले. इतके दिवस ते 'आगीतल्या वस्तू' म्हणून एकत्र, काचेआड होते. आता ते 'घरगुती भांडी' झाले. त्यांतला एक माझ्या आत्येभावाचा. तो स्वतः सापडलाच नाही. कडीला गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेवरून आत्याने डबा ओळखला आणि नीट राहील म्हणून आपल्या हाताने आमच्याकडे दिला. झाकण वितळून चिकटलेलं, कुणी कधी उघडलं नाही. दर रविवारी ती काचेसमोर उभी राहते आणि जाताना मला विचारते, "जेवलीस का?"

"साहेब, हा एवढा राहू द्या. नाहीतर घरी तरी द्या."

"सगळ्यात जास्त पोचे यालाच आहेत, नमुना म्हणून कसा ठेवणार? आणि एकदा दिलेली वस्तू आपण परत देत नाही," साहेब शांतपणे म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गांची यादी मी वरपासून खालपर्यंत पालथी घातली. भंगारात न जाणारा एकच वर्ग निघाला: 'मानवी अवशेष'. त्याला हात लावायची चाळणीचीही छाती नव्हती. मी तो निवडला, जतन केलं आणि साहेबांची कशी जिरवली म्हणून खुशीत घरी गेले.

हा वर्ग आम्ही पूर्वी कधी वापरलाच नव्हता. त्यात नोंद पडली की डेटाबेस घरच्यांना आपणहून कळवतो, हे मला कुठून ठाऊक असणार?

आत्या रविवारची वाट न बघता आली. ठेवणीतले कपडे घालून आली. साहेब माझ्या टेबलापाशीच उभे होते.

"त्याचं काही सापडलं म्हणे," ती म्हणाली. "डब्यात आहे का तो?"

नाही म्हटलं तर डबा तिच्यादेखत पुन्हा भांडं होणार आणि भंगारात जाणार. अवशेष मात्र घरच्यांना देतात. मला स्वतःची किळस आली.

"हो आत्या," मी म्हणाले.

साहेब स्वतः डबा घेऊन आले, मान खाली घालून. आत्याने तो मांडीवर घेतला, तार चाचपली. डबा जरासा कलला आणि आत काहीतरी खडखडलं. त्या सकाळी तिनेच भरून दिलेलं जेवण, कोळसा झालेलं.

तिने झटकन दोन्ही हातांनी डबा सरळ धरला.

"हळू गं," ती स्वतःलाच म्हणाली. "लागेल त्याला."