मुलाच्या तोंडावरचा उजेड

नेपल्समध्ये साथ येऊन गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात चित्रकार ओराझिओनं कार्मोझीनाला बोलावून घेतलं. ती बंदरावर मासळी विकायची. मांडीवर मेलेला येशू घेतलेली मरिया म्हणून तिनं नुसतं बसायचं होतं, आणि नेमकं तेच तिला जमेना.

खोलीच्या खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या. वरच्या झडपेतून ऊन यायचं, ते थेट तिच्या तोंडावर. मांडीवर येशू म्हणून अनिएल्लो हमाल उघड्या अंगानं आडवा, त्याचं डोकं काळोखात. कार्मोझीना सारखी चुळबुळ करायची.

“बाई, अंगात मुंग्या शिरल्यात का?” ओराझिओ वैतागला. “जरा रडा की. मुलगा गेलाय तुमचा!”

“खराच गेलाय, मास्तर. रडूच येत नाही, त्याला काय करू?”

“म्हणून मला चिमटे काढायचे?” अनिएल्लो कुरकुरला.

“मग मेल्या, श्वास कशाला घेतोस?”

“नाही घेतला तर मास्तर दुसरा हमाल कुठून आणतील?”

कार्मोझीना फिसकन हसली, आणि हसणं अर्ध्यातच तुटलं. तिचा मुलगा चोम्मो साथीत गेला तेव्हा ती पाणी आणायला गेली होती. परत आली तर प्रेतांची गाडी गल्लीच्या टोकाला पोचलेली. ती ओरडत मागं धावली, पण गाडीवाल्यांनी त्याच्या तोंडावरचं गोणपाट काही उचललं नाही.

ती ताडकन उठली. अनिएल्लोचं डोकं फरशीवर आपटलं. स्टुलावर चढून तिनं झडप वळवली. ऊन खाली सरकलं.

“अहो, मरियाचं तोंड लोकांना दिसायला नको?” ओराझिओ ओरडला.

“लोकांना काय करायचंय माझं तोंड? मला त्याला बघू द्या.”

पुन्हा बसून तिनं अनिएल्लोचं डोकं मांडीवर, उजेडात घेतलं. जाड नाक, हनुवटीवर व्रण. चोम्मोचं त्यात काही नव्हतं. तरी ती बघत राहिली. अनिएल्लोनं जमेल तितका श्वास कोंडून धरला. मग तिला रडू फुटलं. नाक गळत होतं, ठसका लागत होता, मध्येच गाडीवाल्यांना शिव्या. ओराझिओ आता हलू नका म्हणाला नाही, रंगवत राहिला.

चित्र ज्या चर्चसाठी होतं, तिथल्या पाद्र्यांनी ते परत पाठवलं. आमची मरिया अंधारात कशी, म्हणाले. ओराझिओनं नाइलाजानं तिच्या गालावर उजेड दिला, अश्रूचा एक नीटस थेंब काढला.

गुड फ्रायडेला चित्र चर्चमध्ये लागलं. गर्दीतून वाट काढत कार्मोझीना पुढे गेली.

“कशी रडतेय बघ माउली,” शेजारची म्हणाली.

“छे! अशी कुणी रडतं का?”

तिनं नजर खाली नेली. मुलाचं तोंड उजेडातच होतं, ओराझिओनं त्याला हात लावला नव्हता. तिथं तिला फार वेळ उभं राहवेना. बाहेर पडून ती सरळ टेकडीच्या वाटेला लागली. साथीतली प्रेतं तिथल्या गुहेत लोटली होती, आणि तेव्हापासून ती ही वाट टाळत आली होती. गुहेच्या फाटकापाशी पाय अडले. ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशी मासळी विकून झाल्यावर ती पुन्हा गेली, आणि फाटक ढकललं.