देशात एकच उरलेला कारखाना

लष्कर काय विकत घेतं, कोणाकडून आणि कसं, यावर संशोधन करणं हा आमचा धंदा. पेंटॅगॉनपासून दोन स्टेशनं अलीकडे आमची संस्था आहे. इथे लोक बोलतात ते नाव न छापण्याच्या अटीवर. बारा वर्षांत मी एकही नाव फोडलं नव्हतं आणि त्याची मला थोडी घमेंडच होती.

मार्चमध्ये मी उत्तरेकडच्या ईरी गावी व्हर्ना स्टालेकर हिच्या कारखान्यात गेलो. कामगार एकतीस. पाणबुडीच्या एका झडपेत बसणारी कडी ते बनवतात. सफरचंदाचा केक माझ्यापुढे सरकवून व्हर्ना तीन तास बोलली.

"कडी बनवायला चार दिवस लागतात आणि तिचे कागद भरायला चार महिने. अडुसष्टावं लागलंय मला, पुरे झालं! पुढच्या वर्षी सोडतेय. क्लीव्हलंडचा एक जण कारखाना घ्यायला तयार आहे, माणसांसकट. पण सह्या व्हायच्यात. आधीच बोभाटा झाला तर माणसं दुसरीकडे पळतील, आणि माणसं नसतील तर तो नुसती यंत्रं घेऊन काय करेल?"

"तुमचं नाव कुठेही येणार नाही, व्हर्नाबाई."

"मग ठीक. अजून एक तुकडा घे."

अहवालात मी लिहिलं : 'उत्तरेकडचा एक लहान पुरवठादार पुढच्या वर्षी हे काम सोडणार आहे.' गाव नाही, नाव नाही, कामगारांचा आकडासुद्धा नाही. तिघांनी तपासलं. त्याच पानावर आमचा मुख्य निष्कर्ष ठळक अक्षरांत होता : ही कडी बनवणारा देशभरात एकच कारखाना उरला आहे. हा निष्कर्ष आम्हाला इतका आवडला होता की ही दोन वाक्यं एकापाठोपाठ कोणी वाचलीच नाहीत. काँग्रेसच्या सुनावणीत एका सदस्यानं ते पान वाचून दाखवलं. आमच्याकडे केक कापला गेला.

गुरुवारी व्हर्नाचा फोन आला.

"एकच कारखाना उरलाय असं तूच लिहिलंस ना? मग तो उत्तरेकडचा पुरवठादार कोण, माझी मांजर?"

मी पान उघडलं. दोन्ही वाक्यं समोर होती.

"नऊ जण गेले," ती म्हणाली. "क्लीव्हलंडवाला म्हणतो, विचार करून कळवतो. म्हणजे झालंच."

"पण मी नाव कुठे घेतलं, व्हर्नाबाई?" मी म्हणालो, आणि शब्द तोंडातून बाहेर पडताच मला स्वतःची लाज वाटली. मग घाईघाईनं म्हणालो, "आम्ही वेबसाइटवरून ते वाक्य काढून टाकतो. आजच."

"काढ की. वेंडेल वाचून गेलाय."

वेंडेल म्हणजे तिचा सर्वांत जुना कारागीर. मी गेलो तेव्हा त्यानंच मला सगळी यंत्रं दाखवली होती.

"चाळीस वर्षं होता माझ्याकडे," व्हर्ना म्हणाली. आता तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला वाटलं, पगाराची काळजी असेल. तर म्हणाला, तसं नाही गं. तू सोडणार हे आम्हाला नाही सांगितलंस, एका दुपारच्या पाहुण्याला सांगितलंस. त्याला काय सांगू मी? तू एवढा संशोधक, तूच सांग."

ती उत्तराची वाट बघत राहिली. मग तिनं फोन ठेवला.